भुऱ्याचं पोतं

निवृत्ती आता खरंच कंटाळला होता. देऊळगाव राजाच्या कडेला, शेताला लागून त्याचं घर. आणि गोठ्यात बैलांच्या जागी उभी वडिलांच्या वेळची पांढरी ॲम्बेसेडर. बायकोला, पुष्पाबाईला, डायलिसिससाठी जालन्याला न्यायचं तर एसटीचे हिसके तिला सोसवत नव्हते. म्हणून त्यानं मागची सीट नव्या फोमची, तांबड्या कापडाची करून घेतली. परतताना तिला आडवं होता यावं, एवढीच त्याची इच्छा.

पण आडवा झाला घरचा कुत्रा भुऱ्या. मागची काच अर्धीच चढायची, तेवढ्यातून स्वारी आत. निवृत्तीनं आरडाओरडा केला, काठी आपटली. शेवटी सीट खराब होऊ नये म्हणून तिच्यावर गव्हाची रिकामी पोती अंथरली. तर भुऱ्या त्यावर जास्तच ऐसपैस झाला आणि आज नखांनी उकरून कोपऱ्यातला फोमच बाहेर काढला.

निवृत्तीचं अवसानच गळालं. घरात पुष्पाबाई भिंतीकडे तोंड करून पडलेली.

"अवं, ऊठ नं. उशीर होऊन राह्यला."

"मी नाई येत. बस झालं आता. तुमीबी थकले, मीबी थकली."

आपला थकवा तिला दिसला, याचं त्याला फार वाईट वाटलं. तो कुत्र्यावरच घसरला. "त्या भुऱ्यानं सीट फाडली. एवढी पोती टाकली, तरी काऊन तिथंच जाते तो?"

पुष्पाबाई वळली. कितीतरी दिवसांनी तिला हसू फुटलं. "पिल्लू होता तवा राखणीले तुमीच त्याले शिकवलं नं, पोतं टाकलं का तिथं निजाचं? आता तुमीच बिछाना घालता, अन् तुमीच काठी उगारता!"

निवृत्तीनं कपाळावर हात मारला. त्यानं सीटवरची पोती काढली आणि त्यातलं एक खाली, पुढच्या आणि मागच्या सीटच्या मधे टाकलं. भुऱ्या मुकाट तिथं जाऊन बसला.

"पाहू बरं," म्हणत पुष्पाबाई भिंत धरत धरत गाडीपर्यंत आली. आलीच होती, तर बसलीही.

वाटेत निवृत्ती आरशात बघत होता. ती आडवी झाली होती, खाली सुटलेला हात भुऱ्याच्या मानेवर.

जालना जवळ आलं तेव्हा तीच म्हणाली, "पुढच्या खेपेले पोतं दुहेरी घाला. खालचा पत्रा रुतते त्याले."

पुढच्या खेपेले म्हणाली ती. निवृत्तीला रस्ता दिसेना, त्यानं गाडी कडेला घेतली आणि म्हणाला, "हाव, घालतो."