तिच्या वतीने

गुणांवर हरकत घ्यायची तर परीक्षकांच्या खोलीत संघप्रमुखाने जायचं आणि विद्यार्थ्याने बाहेर थांबायचं, ही आमच्या गणित स्पर्धेची रीत. चर्चमध्ये पाद्री सगळ्यांच्या वतीने प्रार्थना म्हणतो ना, तसंच. फक्त पाद्री आधी आपलं दुःख ऐकून घेतो.

त्या उन्हाळ्यात बल्गेरियातल्या वेलिको तर्नोवो गावी आमच्या विद्यापीठाचे आम्ही तिघं होतो: झोर्नित्सा, रांगेल आणि मी. संघप्रमुख प्राध्यापक गेर्गिनोव. झोर्नित्साला पहिल्या श्रेणीचं बक्षीस मिळालं, तर व्हिएन्नात शिष्यवृत्तीसह तिची जागा पक्की होती. गुण लागले तेव्हा तिसऱ्या प्रश्नाला तिला जवळजवळ शून्य. परीक्षकांचं उत्तर पानभर समाकलनाचं, हिचं चार ओळींचं, वेगळ्याच वाटेचं. ओळखीची वाट दिसली नाही म्हणून त्यांनी पुढं वाचलंच नव्हतं.

नाश्त्याला घेतलेल्या बानित्साच्या, म्हणजे चीजच्या खारीच्या, कागदी पिशवीवर तिने त्या चार ओळी गेर्गिनोव सरांना समजावल्या. ते मान डोलावत होते आणि पिशवीवर तेलाचा डाग पसरत होता.

सर आत गेले. आम्ही जिन्यावर बसलो. बाहेर आले ते हसतच. रांगेलचे गुण वाढवून आणले होते.

"आणि माझे?" झोर्नित्साने विचारलं.

सर म्हणाले, अगं, खोलीत गेल्यावर सगळंच मागायचं नसतं, माणसं चिडतात. रांगेलच्या गुणांनी आपला संघ सोफिया विद्यापीठाच्या वर जातो. तुझं प्रकरण अवघड होतं, म्हणून ते मी काढलंच नाही. गुणांच्या कागदावर सही झाली आहे आता.

रांगेलचा चेहरा उतरला. त्याच्या उत्तरात एक पायरी निसटली होती, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं. तो पुटपुटला, "सर, माझं चूक आहे. तिचं बरोबर आहे."

"तू गप्प बस रे. मिळालंय ते पचव."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. देवाने या माणसाला दुसऱ्याचं तोंड होण्याचा मान दिला आणि याने त्या तोंडाने सौदा केला. परीक्षक निदान नुसते आळशी होते. याला तर सगळं समजलं होतं. झोर्नित्सा मात्र रडली नाही. तिने ती तेलकट पिशवी नीट घडी घालून खिशात ठेवली.

संध्याकाळी सभागृह भरलं. दुसऱ्या श्रेणीसाठी तिचं नाव पुकारलं. ती उठली नाही. पुन्हा पुकारलं. माना वळू लागल्या. सर वाकून कुजबुजले, जा ना पोरी, लोक बघताहेत.

"आत तुम्हीच गेला होतात ना माझ्या वतीने?" ती मोठ्याने म्हणाली. "मग हेही तुम्हीच आणा."

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. तिसऱ्यांदा नाव पुकारलं गेलं. शेवटी गेर्गिनोव सर उठले, कोटाची बटणं लावली, मंचावर गेले आणि एका मुलीचं पदक गळ्यात घालून घ्यावं की हातात धरावं, हे न सुचून तिथेच उभे राहिले.

टाळ्या कोणीच वाजवल्या नाहीत. रांगेल आपल्या जागेवरून उठून झोर्नित्साच्या शेजारी येऊन बसला. तिने पिशवी उलगडून त्याच्या मांडीवर ठेवली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.