पुढचा भाग

शेजारच्या वनमालाने आपल्या टीव्हीचा आवाज वाढवला, तशी रत्नप्रभा उठली आणि मागे दाराशी जाऊन बसली. स्वतःला पडद्यावर बघायचा तिला धीर होत नव्हता. त्याहूनही सरूबाईकडे बघायचा होत नव्हता.

सरूबाई सगळ्यांच्या पुढे मांडी घालून बसली होती. वर्सोव्याची ही कोळीण अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. रत्नप्रभा तिचं जुनं गिऱ्हाईक. "माझं नाटक लागणार आहे, तू यायचंच," असं म्हणून तिनेच सरूबाईला चाळीत बोलावलं होतं. नाटक कशावर आहे, ते मात्र सांगितलं नव्हतं.

तासाभराचं नाटक. दर्यावर गेलेला नवरा परत येत नाही, एवढीच गोष्ट. रत्नप्रभाची उमेदीची सगळी वर्षं रंगमंचावर गेली होती. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज तिने कमावला होता. बातमी कळल्यावर बायको हंबरडा फोडते, असं संहितेत होतं. तालमीत तिने तो फोडला. निर्माता चंद्रप्रकाश नुसता मान हलवत राहिला.

"बाई, कॅमेरा हातभर अंतरावर आहे. त्याला ओरडून कशाला सांगताय?"

तेव्हा तिला बाजारातली एक सकाळ आठवली. सरूबाई तिच्यासाठी सुरमई कापत होती. वर्सोव्याहून दोघे धापा टाकत आले आणि तिच्या नवऱ्याची होडी उलटल्याचं सांगितलं. सरूबाईचा कोयता थांबला नाही. तिने तुकड्या केल्या, धुतल्या, रत्नप्रभाच्या पिशवीत नीट ठेवल्या, आणि मगच ती उठली.

चित्रीकरणात रत्नप्रभाने तेवढंच केलं. चंद्रप्रकाश संपल्याचा इशारा द्यायचाच विसरला. नंतर जवळ येऊन हलकेच म्हणाला,

"असं सुटं नाटक आता नाही होणार, बाई. प्रायोजकांना मालिका हव्यात, तेरा-तेरा भागांच्या. ही टेपसुद्धा पुसतील आणि तिच्यावर मालिका भरतील. एकदा दिसेल, बस."

आता ते दिसत होतं. पडद्यावर दोन माणसं आली, बोलली, गेली. कॅमेरा सावकाश पुढे सरकला आणि काचभर एकच चेहरा उरला. खाली कोयत्याचा आवाज तेवढा चालू. वनमालाच्या हातातला चहाचा कप तसाच अधांतरी राहिला. रत्नप्रभाने न राहवून मान वर केली. पडद्यावरची ती बाई तिच्या ओळखीची नव्हती. हे आपण केलं? आपल्या चेहऱ्यात एवढी जागा होती?

नावं सरकून गेली. सरूबाई उठली, टीव्हीपाशी गेली आणि काचेवर तळवा टेकवला. मग वळून तिने दाराकडे पाहिलं.

"त्या दिवशीचं माझं तोंड मी कुठं बघितलेलं गो, बाय? आज बघितलं."

रत्नप्रभा उठून उभी राहिली.

"सरू, मी तुला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं," सरूबाई म्हणाली. "बरं झालं नाही विचारलं."

वनमालाने डोळे पुसले.

"पुढचा भाग कधी आहे गं, रत्नप्रभा? पुढच्या आठवड्यात ना?"

"पुढचा भाग नाही. हे एवढंच."

"असं कसं? मग त्या बाईचं पुढे काय झालं?"

सगळे रत्नप्रभाकडे बघू लागले. पण तिलाही ते माहीत नव्हतं.

सरूबाईने पदर खोचला.

"काय व्हायचंय?" ती म्हणाली. "घरात दोन पोरं होती. बाजारात बसली परत."

आणि पायात चपला सरकवून ती जिना उतरू लागली.