हाल्वार्डने न घेतलेला घोट

मी एक जुना चांदीचा प्याला आहे. नॉर्वेतल्या एका खाडीकाठच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा द्राक्षारस माझ्यातून देतात. बेर्गनच्या सोनाराने मला ठोकून ठोकून घडवले, तेव्हा माझे केवढे कौतुक झाले! पुढे काठाला पोचे पडले आणि कौतुकही आटले. असो.

मित्रांनो, आमच्या गावची एक रीत होती. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ज्याच्याशी वाकडे असेल त्याच्या दारी जायचे, माफी मागायची आणि ती मिळाली की मगच वेदीपुढे गुडघे टेकायचे.

वादळाची चिन्हे दिसत असताना हाल्वार्डने आपल्या भाच्याला मासेमारीला नेले. परतला तो एकटाच. मुलगा थोरल्या बहिणीचा, गुन्वोरचा, एकुलता एक. त्यानंतर नऊ वर्षे हाल्वार्ड तिच्या दारी जात राहिला. ती आतूनच म्हणे, "देवाकडे माग जा. माझं दुकान बंद आहे!"

रविवारी ती माझ्यातून घोट घेई. तो मात्र मागच्या बाकावर मान खाली घालून बसे. मला फार वाईट वाटे.

एका हिवाळ्यात त्याने अंथरूण धरले. पाळक मला पेटीत घालून त्याच्या घरी गेले.

"घ्या हाल्वार्ड. देवानं तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

"ते खरं हो, पाळकसाहेब. पण ताईनं?" तो धापा टाकत म्हणाला. "तिला विचारा. मी थांबतो."

शेजारीण धावत गेली आणि धावतच परतली. "येतेय! रडतेय, पण येतेय!"

हाल्वार्ड हसला. मी भरलेलाच होतो. आम्ही वाट पाहत राहिलो. गुन्वोर दारात आली तेव्हा तो गेला होता.

तिच्या अंगावर चर्चला जायचा काळा पोशाख होता, सगळी बटणे नीट लावलेला. माफी द्यायला मळक्या कपड्यांत कसे जायचे, असे तिला वाटले होते.

"बटणं लावत बसले रे मी," ती त्याचा हात धरून म्हणाली. "मेली बटणं!"

पुढच्या रविवारी वेदीपुढे तिने माझ्यावरून तोंड फिरवले. "मला नको. माझा भाऊ तसाच गेला."

"तुम्ही येताय हे ऐकून गेला तो," पाळक हळूच म्हणाले. "घ्या. लायक माणसांसाठी हा प्याला नाहीच मुळी."

तिने घोट घेतला.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. देव थांबतो, माणसाला थांबता येत नाही. कुणाला माफ करायचे असेल, तर अंगावर आहेत त्याच कपड्यांत निघा.