पाणबुटकीचं बिऱ्हाड

पाणबुटकी दिसायला अगदीच सामान्य. जवळजवळ वर्षभर ती तळ्याच्या तळाशी भिजलेल्या दोऱ्यासारखी पडून असायची आणि उन्हानं पाणी मागे सरलं की काठच्या चिखलात मोहरीएवढं पांढरं फूल धरायची. ते बघायला पोटावर पालथं पडावं लागे. जगात ती फक्त या एका तळ्यात उरली होती, आणि तिच्यासाठी पालथं पडणारं माणूसही एकच उरलं होतं. वनस्पती संरक्षण कार्यालयातल्या या बाईंना सगळे शेवाळताई म्हणत, तेही तोंडावर. पाणबुटकी म्हणजे शेवाळ नव्हे, हे सांगून सांगून त्यांनी नाद सोडला होता.

तळं बुजवून तिथे वाहनतळ करावा, असं शहरात अनेकांच्या मनात होतं. पण पाणबुटकी होती तोवर कायद्यानं तळ्याला हात लावता येत नव्हता. एवढ्याशा दोऱ्यानं अख्खं तळं धरून ठेवलं होतं, आणि ताईंना सुखाची झोप लागायची ती त्याच भरवशावर.

मग साहेबांच्या डोक्यात लोकसहभाग आला. साहेब कार्यालयाचे प्रमुख; त्यांच्या डोक्यात आलेलं काहीही शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी बोकांडी बसायचं. फलक लावायचे ठरले. ताईंनी पालथं पडून काढलेला फोटो दिला. साहेबांनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा धरला. फरक पडेना.

"ताई, यात झाड कुठलं आणि चिखल कुठला?"

"हे काय, इथे."

"बुटाला लागलं तर पुसून टाकावं असं आहे हो हे. यावर देणगी कोण देणार? लोकांना फूल लागतं."

फलकावर छापून आलं ते जांभळं, तुरेदार, डौलदार फूल. जलपर्णीचं. तळ्याच्या एका कोपऱ्यात घुसलेली, बाकीच्यांचं ऊन आणि हवा गिळणारी, आणि जी काढा म्हणून ताई दरवर्षी घसा कोरडा करायच्या, तीच ही जलपर्णी. ताई भांडल्या. "प्रातिनिधिक चित्र आहे," साहेब म्हणाले. देणगीतून कुंपण होणार होतं. ताईंनी दातओठ खात सही केली.

पुढे स्वच्छता दिन आला. फलकावरचं झाड तेवढं सोडून बाकी सगळं उपटा, असं साहेबांनी भोंग्यावरून सांगितलं. त्या वेळी ताई मंडपात देणगीदारांना पाणबुटकीचं महत्त्व समजावून सांगत होत्या आणि बाहेर ती उपटली जात होती. श्रमदानाला आलेली माणसं अगदी मनापासून राबली, हीच तर पंचाईत. कामचुकार असती तर निदान निम्मी वाचली असती.

भाषण संपवून ताई काठावर आल्या तेव्हा तळं लख्ख झालं होतं. बाहेर हिरव्या दोऱ्यांचा ढीग, आणि कोपऱ्यातल्या जलपर्णीभोवती दोरी बांधून पाटी: स्पर्श करू नये. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. ताई ढिगापाशी बसून चारचौघांत रडल्या. लोकांना वाटलं, स्वच्छता बघून बाईंना गहिवरून आलं. एकानं टाळ्याही वाजवल्या.

ढिगातले जिवंत धागे निवडून, तळ्यातला चिखल बादल्यांत भरून ताई घरी आल्या आणि सगळं न्हाणीघरातल्या टबात सोडलं.

"अगं, मी अंघोळ कुठे करायची?" त्यांचे वडील दारात टॉवेल घेऊन उभे होते.

"बाबा, जगात एवढीच उरलीये."

"मीही एकच उरलोय."

बेत साधा होता. जलपर्णी काढायची आणि पाणबुटकी तळ्यात परत सोडायची. पण दोरीच्या आत मोकळं रान मिळालेली जलपर्णी बघता बघता या काठापासून त्या काठापर्यंत पसरली. साहेबांच्या आनंदाला पारावार उरला नाही. दुर्मीळ झाड इतकं माजलं म्हटल्यावर ते धोक्याबाहेर गेल्याचं जाहीर करायला त्यांनी सोहळाच ठेवला.

धोक्याबाहेर म्हणजे संरक्षण उठणार, आणि संरक्षण उठलं की वाहनतळ. गप्प बसावं तर तळं जातंय. बोलावं तर जे झाड तळ्यात नाहीच, त्याच्यासाठी तळं राखायचं कसं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ताईंनी बोलायचं ठरवलं. चूक कळली की माणसं ती दुरुस्त करतात, असा त्यांचा समज होता.

ऐन सोहळ्यात त्या अंघोळीचा मग घेऊन व्यासपीठावर चढल्या. "तळ्यात आहे ती जलपर्णी. पाणबुटकी ही," त्या म्हणाल्या. प्रमुख पाहुण्यांनी मगात डोकावून पाहिलं.

"हे कुठे आढळलं?"

"माझ्या न्हाणीघरात. पण हिला तळ्यात..."

"कायदा स्पष्ट आहे," साहेब माइककडे झेपावले. "झाड आढळेल ती जागा संरक्षित."

टाळ्यांच्या कडकडाटात ताईंचं वाक्य बुडालं.

आठवडाभरात न्हाणीघराला जाळीचं दार लागलं. दारावर फलक आला, जांभळ्या फुलाचा. न्हाणीघराबाहेरच्या बोळात स्टुलावर पहारेकरी बसला. बाबा शेजाऱ्यांकडे अंघोळीला जाऊ लागले, आणि तिकडे तळ्यात मातीचे ट्रक रिकामे व्हायला लागले.

ताई धावत साहेबांकडे गेल्या. "तिला तळं लागतं हो. ऊन लागतं, पाणी मागे सरावं लागतं."

"ताई, डोक्यावर पक्कं छप्पर, दाराशी पहारा. एवढी सोय दुसऱ्या कुठल्या झाडाची आहे, सांगा बरं." साहेब हे अगदी मनापासून बोलत होते. लबाड असते तर ताईंना भांडता तरी आलं असतं.

मग उन्हाचं कामही ताईंनीच अंगावर घेतलं. वर दिवा टांगला, आणि रोज टबातून मगभर पाणी त्या काढून टाकायच्या. असे बरेच दिवस गेले आणि एका सकाळी उघड्या पडलेल्या चिखलात पांढरा ठिपका दिसला. ताईंनी बाबांना हाक मारली. बाबा टबाची कड धरून, गुडघे सांभाळत खाली बसले आणि त्यांनी चष्मा पुसून घेतला.

"हेच होय ते?"

"हेच."

बाबा बराच वेळ बघत राहिले. "छान आहे गं. आणि याला बी धरलं, की ते टाकायचं कुठे?"

ताई तोंड उघडून काही सांगणार, तोच पहारेकऱ्यानं जाळीवर टकटक केली. आत एका वेळी एकाच माणसाला परवानगी होती.