ड्रायव्हरचं ताट

"ड्रायव्हर, पंखा लावा ना जरा. जीव घुसमटतोय नुसता."

मागच्या सीटवरून मामींनी पुन्हा सांगितलं. बॅटरीमामांनी आरशात बघून मान हलवली, पण पंख्याच्या बटणाकडे हात नेला नाही. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा मघापासून पेटलेला होता. लाल दिवा दिसत असताना पंखा लावणाऱ्या ड्रायव्हरांना मामांनी हयातभर शिव्या घातल्या होत्या.

"पंखा बिघडलाय, बाई," ते म्हणाले.

"या गाडीत काही चालतं की नाही? आमचे हे असते ना, तर चुटकीसरशी नीट केलं असतं. गाडीच्या विजेतलं त्यांना सगळं कळतं."

'हे' समोरच स्टिअरिंग धरून बसले होते. पण दिवसभर ते मामींच्या लेखी ड्रायव्हर असत. ड्रायव्हरशेजारी बसणं बरं दिसत नाही म्हणून मामी मागे बसत, आणि पुढची जागा मोकळी जाई. एकदा मामा हट्टाला पेटले होते, "अगं, मीच आहे, नीट बघ की." तेव्हा त्या घाबरून दार उघडून भर रस्त्यात धावत सुटल्या होत्या. त्या दिवसापासून मामांनी ड्रायव्हरची नोकरी पत्करली.

खरी नोकरी बस डेपोत झाली. बॅटऱ्या, डायनामो, सेल्फ यांच्यातच केस पांढरे झाले, म्हणून सगळे त्यांना बॅटरीमामा म्हणत आणि ओघानेच त्यांच्या बायकोला मामी. मामींना एकदा समुद्र बघायचा होता. पण लोकांना सुट्ट्या लागल्या की बसगाड्या वाढत आणि मामांच्या सुट्ट्या कापल्या जात. मग निवृत्तीनंतर मामांनी एक जुनी व्हॅन घेतली. मागे झोपायला फळी टाकली, फळीखाली दुसरी बॅटरी बसवली आणि तिच्यावर चालणारा ट्रंकेएवढा फ्रिज जोडला. गाडी सजली तोवर मामींच्या डोक्यातून माणसं एकेक करून उठून जायला लागली होती. आधी शेजारी गेले, मग भाचे, शेवटी मामा. समुद्र तेवढा उरला होता. म्हणून मामा निघाले होते.

फ्रिजमध्ये मामींचं इन्सुलिन होतं, पुऱ्या प्रवासाचं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि गाडीचा पत्रा हात लावू देत नव्हता. एवढ्या तापात फ्रिज बंद पडला तर त्या कुप्यांत औषध आहे की पाणी, हे सांगायला कोणी नव्हतं.

मामांनी एका झाडाखाली गाडी घेतली, इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडलं आणि बॅटरीला मीटर लावला. काटा मरगळलेला होता. चार्जिंग होत नव्हतं. पट्टा तपासला, तो घट्ट होता. म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर मेला किंवा कुठेतरी वायर गेली.

"झालं का हो?" मामींनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "आमचे हे यायच्या आत पोचायचंय मला."

आणि मामांच्या हातून ती जुनी चाल झाली. चालू इंजिनावर त्यांनी बॅटरीचं टर्मिनल काढलं. डायनामोच्या काळात डेपोत सगळे हेच करत. टर्मिनल काढूनही इंजिन चालत राहिलं तर डायनामो चांगला, बंद पडलं तर खराब. नव्या अल्टरनेटरला हे सोसत नाही, बॅटरीचा आधार सुटला की वीज उसळते आणि आतला वीज आवरणारा रेग्युलेटर जळतो. मामांना हे पाठ होतं. डेपोतल्या नव्या पोरांना त्यांनीच दम देऊन शिकवलं होतं. पण मागून मामी बोलल्या आणि हात आपोआप गेला. मीटरचा काटा एकदम वर उडाला आणि जळका वास आला.

मामा तो वास घेत उभे राहिले. त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर सगळा डेपो गोळा करून त्यांनी त्याची लाज काढली असती. इथे लाज काढायलाही कोणी नव्हतं.

इंजिन डिझेलचं होतं, एकदा चालू असलं की विजेवाचून ओढत राहणार होतं. मामांनी ते बंद केलं नाही. फ्रिजवर ओल्या चादरीची घडी ठेवली, बाकीचे सगळे फ्यूज काढले आणि फळीखालच्या बॅटरीतली वीज होती नव्हती ती फ्रिजला मोकळी ठेवली. मग हॉर्नसुद्धा न वाजवता हळूहळू निघाले. मामी पदराने वारा घेत राहिल्या.

पुढच्या गावाच्या तोंडाशीच मोटारी, अल्टरनेटर दुरुस्त करणारं वाइंडिंगचं दुकान लागलं. दुकान एका बाईंचं होतं. चष्मा कपाळावर, बोटांना वार्निश. त्यांनी अल्टरनेटर उतरवून घेतला, मागचं झाकण काढलं आणि नाकाशी नेलं.

"चालू गाडीवर टर्मिनल काढलं कुणी?"

मामांनी बोटं गळ्यातल्या रुमालाला पुसली.

"ड्रायव्हरने काढलं," मागून मामींनी उत्तर दिलं. "मी बघितलं. त्याला काही येत नाही हो. आमचे हे डेपोत इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांनी बघितलं तर रागावतील याला."

वाइंडिंगवाल्या बाईंनी मामांकडे बघितलं. मामींच्या अंगावरची निळी साडी आणि मामांच्या गळ्याभोवतीचा रुमाल एकाच कापडाचे होते. हातातलं झाकण त्यांनी खाली ठेवलं.

"तुम्ही ड्रायव्हर?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

"हो," मामा म्हणाले. "ड्रायव्हरच."

बाईंनी पुढे काही विचारलं नाही. आतून एक टेबलफॅन आणून त्यांनी मामींच्या तोंडासमोर ठेवला आणि दुकानातली वायर ओढून फ्रिज दुकानाच्या चार्जरवर घेतला. फ्रिजचा हिरवा दिवा पेटला तसे मामा तिथेच पायरीवर बसले.

दुकानातल्या भंगार अल्टरनेटरांपैकी एकाचा रेग्युलेटर जुळला. तो बसवून इंजिन चालू केलं तरी काटा वर येईना. मग मामा स्वतः गाडीखाली शिरले. इंजिनापासून बॉडीकडे जाणारी अर्थिंगची पट्टी गंजून नुसती एका तारेवर लोंबत होती. मूळ दुखणं तेच होतं. अल्टरनेटर धडधाकट होता, तो मामांनी मारला होता. पट्टी बदलली आणि काटा जिथे हवा तिथे जाऊन बसला.

"माझे वडीलही तस्सेच टर्मिनल काढायचे," वाइंडिंगवाल्या बाई म्हणाल्या. "मी ओरडले की म्हणायचे, हातालाच सवय आहे, मी काय करू."

मामा हसले. किती दिवसांनी त्यांच्याशी कोणी आपल्या माणसासारखं बोललं होतं. अजून थोडं बसावं, डेपोच्या गप्पा माराव्यात असं फार वाटलं. पण ऊन उतरायला लागलं होतं, आणि दिवसातलं खरं काम पुढेच होतं.

इंजेक्शन मामी ड्रायव्हरच्या हातून घेत नसत. फक्त ह्यांच्या हातून. म्हणून रोज दिवस कलला की मामा गाडीमागे जाऊन तोंड धूत, डेपोचा खाकी शर्ट चढवत आणि मागच्या दाराची कडी दोनदा वाजवत, कामावरून घरी आल्यावर वाजवत तशी. बहुतेक वेळा आतून "आलात?" येई. कधीकधी येत नसे. मग मामा थोडा वेळ थांबून पुन्हा वाजवत. दिवसाकाठी एवढ्या एका हाकेसाठी ते शर्टाला रोज नीट घडी घालत.

आज दुकानाच्या भिंतीला गाडी लावून त्यांनी हात धुतले, पण बोटांतलं ग्रीस काही निघालं नाही. वास तर मुळीच गेला नाही. तसेच जाऊन त्यांनी कडी वाजवली.

आतून हाक आली नाही. मामांनी पुन्हा कडी वाजवली.

"कोण?"

"मी. आलो डेपोतून."

दार थोडं उघडलं. मामींनी त्यांचा हात धरून नाकाशी नेला आणि त्यांचा सगळा चेहरा सैल झाला.

"आलात? किती उशीर हो! हाताला बघा कसला वास मारतोय. आज खूप गाड्या होत्या का?"

"होत्या थोड्या."

"बसा इथे, वाऱ्याला. पंखा चालू झालाय. त्या ड्रायव्हरने केला नीट. तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं, आपलं मी सांगितलं."

"नाही लावून घेत," मामा म्हणाले. फ्रिज उघडून त्यांनी कुपी बाहेर काढली. ती गार होती. मामींनी निमूटपणे दंड पुढे केला आणि ते सुई टोचत असताना त्यांच्याच चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

मग मामींनी ताटं काढली. पाव, उकडलेली अंडी, काकडीच्या फोडी. दोन ताटं मांडून झाली, तरी त्यांनी तिसरं घेतलं.

"हे कुणाला गं?"

"ड्रायव्हरला. दिवसभर उन्हात राबलाय बिचारा. बोलायचालायलाही कोणी नाही त्याला. एकटाच असतो. द्या नेऊन तेवढं."

मामा ताट हातात घेऊन बसून राहिले.

"जा ना. भुकेला असेल तो."

ते उतरले, गाडीला वळसा घालून पुढे गेले आणि दार उघडून स्टिअरिंगमागे बसले. ताट मांडीवर घेतलं. मधला पडदा सरकवून मामी खात्री करून घेत होत्या.

"ड्रायव्हर, मीठ पुरतंय ना?"

"पुरतंय, बाई."

"सावकाश जेवा. आता कुठे जायचं नाही. आमचे हे आलेत."

पडदा बंद झाला. मामांनी पाव मोडला आणि एकेक घास चावून खाल्ला. शेजारच्या मोकळ्या सीटवर त्यांनी ताट ठेवलं, शर्टावरचे कण झटकले, वरचं बटण लावलं आणि पुन्हा गाडीमागे गेले. मामी त्यांच्याशिवाय जेवायला बसत नसत.

दाराच्या कडीवर हात ठेवून ते जरा थांबले. आत फ्रिज घुरघुरत होता.