करंगळीवरची शाई

"हात पुढे करा रे सगळ्यांनी! डावा हात. डावा!"

लतिका सामंतांचा आवाज आला आणि गास गावाच्या पलीकडच्या पाड्यावरच्या अंगणवाडीतली बावीस पोरं खिचडीच्या वाट्या खाली ठेवून उभी राहिली. सेविका सुभद्राबाईंचा डाव पातेल्यातच राहिला. पर्यवेक्षिका यायच्या महिनाअखेरीला, आज मंगळवारीच कुठून उगवल्या?

लतिकाबाई अशाच उगवायच्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी काय काय पाहिलं नव्हतं! पटावर तीस नावं आणि चटईवर अकरा पोरं. काटा बंद, तरी वहीत प्रत्येक पोराचं वजन वाढलेलं. एव्हरशाईन सिटीतल्या घराजवळ भाजी घेतानासुद्धा त्या जुडी सोडून आतली पानं बघायच्या. आणि या पाड्यावर म्हणे एकही पोर कधी गैरहजर नसतं! पावसात नाही की लग्नसराईत नाही. ही बाई शेजारून पोरं उसनी आणते, असं त्यांच्या मनानं पक्कं घेतलं होतं. म्हणून आज पोलिओच्या रविवारचं उरलेलं शाईचं पेन त्यांनी पर्समध्ये टाकलं. अकरा वाजता शेतापलीकडच्या, ॲनी नावाच्या सेविकेच्या अंगणवाडीत उसळ खाणाऱ्या प्रत्येक पोराच्या करंगळीवर रेघ ओढली आणि बांधावरून तडक इकडे आल्या.

एकवीस करंगळ्या कोऱ्या निघाल्या. बाविसावी मूठ मिटलेली होती.

"उघड."

चारेक वर्षांच्या मुलीनं मूठ उघडली. नखावर जांभळी रेघ.

"सापडलं!" लतिकाबाईंना खरंच आनंद झाला. "सुभद्राबाई, ही कुठून आणलीत?"

"मी नाय आनली बाई. ही भाविका, आपली आपन चालत येते. तिकडं उसळ खाते, मग हितं खिचडी. आई पहाटेच मिठागरावर जाते, ती दिवस बुडल्यावर येते. तवर या दोन वाट्यांवर असते पोर."

"म्हणून दोन्ही पटांवर नाव? एक मूल, एक अंगणवाडी, हा नियम ठाऊक आहे ना? वर कळवलं तर घरी बसाल तुम्ही."

"नाव नाय लावलं तं वाढू कोनाच्या नावावर?"

असले कळवळे लतिकाबाईंना पाठ होते. निम्मे खोटे असतात, आणि खरे कुठले ते शोधत बसलं तर नोकरी व्हायची नाही. त्यांनी लाल पेनानं नाव खोडलं. "पुन्हा दिसली तर नोटीस काढीन." मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "बोटावर शाई आहे ना? म्हणजे तुझं जेवण झालं. इथं मिळायचं नाही."

भाविका भरली वाटी ठेवून बांधाच्या दिशेनं निघून गेली. लतिकाबाईंना थोडं चुटपुटलं, नाही असं नाही. पण सुभद्राबाईंवरचा संशय काही जाईना.

पुढच्या मंगळवारी, पोरं जेवायला बसायच्या वेळेला, त्या पुन्हा तिथं हजर. मोजली तर पुन्हा बावीस! रागानं त्यांचं डोकं फिरलं.

"हात!"

या वेळी भाविकाचा हात सगळ्यांत आधी पुढे आला. करंगळीवर शाई नव्हती.

"रॉकेलनं पुसलीत ना, सुभद्राबाई? मला शिकवता?"

"देवाशपथ नाय, बाई!"

लतिकाबाईंनी ते बोट धरून दारातल्या उजेडात नेलं. नख अर्ध्यापर्यंत झिजलं होतं. बाजूची कातडी सोलून रक्त सुकलं होतं.

"दगडावर घासलं," भाविका म्हणाली. "आता शाई नाय. आता मिळंल?"

ज्या हातानं रेघ ओढली त्या हाताची लतिकाबाईंना शिसारी आली. इतक्या वर्षांत लबाडी पकडली तेव्हा तेव्हा त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं होतं. आज हे चिमुकलं बोट हातात होतं.

"वाढा हिला," त्या कशाबशा म्हणाल्या.

"पन नाव?"

"मी लिहिते."

खोडलेल्या नावाच्या खाली त्यांनी ते पुन्हा लिहिलं. भेटवहीत शेरा मारला: पट तपासला, बालके बावीस, सर्व बरोबर. नोकरीत पहिल्यांदा त्या खोटं लिहीत होत्या. खाली त्यांनी पूर्ण नावानिशी सही केली.

भाविका उजव्या हातानं घाईघाईनं खिचडी खात होती. डावी करंगळी मात्र तिनं अजून पुढेच धरली होती, बाईंना पुन्हा बघायची असली तर म्हणून.