पाण्यातली थोरली मेहुणी

शाळा-कॉलेजांचे ग्रुप फोटो काढण्यात ज्याची हयात गेली, त्याने समुद्राच्या पाण्याची टाकी सजवायला घेतली तर कशी सजवेल? उंच मागे, बुटके पुढे, आणि मधे फट दिसता कामा नये. फोटोग्राफरने दिवाणखान्यातल्या टाकीत जिवंत कोरलं, म्हणजे प्रवाळं, नेमकी अशीच बसवली. दगडांच्या पायऱ्या रचल्या, एकेक कोरल उचलून पाण्यातही घट्ट धरणाऱ्या गोंदाने चिकटवलं, आणि तोंडाने सवयीप्रमाणे चालूच, "जरा चिकटून घ्या, चिकटून!"

त्यांना त्याने घरातल्यांची नावंही दिली होती. मागे डोलणारं मऊ तपकिरी ते मामा, कारण मान हलवण्यापलीकडे मामांनी आयुष्यात काही केलं नव्हतं. मधोमध लांब बोटांचं, हिरवंगार, झगझगीत कोरल ती थोरली मेहुणी. तिला अगदी खेटून, रंग खुलावा म्हणून, छोटंसं गुलाबी. ती बायको. हे नामकरण अर्थातच मनातल्या मनात उरकलेलं. जिवाची काळजी त्यालाही होती.

थोरल्या मेहुणीने फोनवरच फर्मान सोडलं होतं की दिवाणखान्यात ते डबकं शोभत नाही, तिथे काचेचं कपाट हवं. बायकोच्या माहेरी ताईचा शब्द कधी खाली पडला नव्हता.

"ताई रविवारी येतेय," बायको म्हणाली. "तिला पटलं तर ठीक, नाहीतर टाकी विकायची."

फोटोग्राफरने टाकीकडे पाहिलं. दिवसभर अनोळखी माणसांना 'हसा' म्हणून सांगणाऱ्या त्या माणसाला कोणाला काही न सांगता नुसतं बघत बसायला तेवढी एकच जागा होती.

रविवारी सकाळी पाहतो तर गुलाबी कोरल अर्धं पांढरंफटक पडलेलं. त्याने घाबरून कोरलं विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"हिरव्याला खेटून ठेवलंत?" दुकानदार ओरडलाच. "अहो, ते रात्री बोटं लांबवून शेजाऱ्याला भाजून काढतं! चांगलं वीतभर लांब करा. जगेल, पण आजच्या आज करा."

बाही दंडापर्यंत सारून त्याने टाकीत हात घातला आणि हिरव्याशी झटापट सुरू केली. गोंद काही सुटेना.

"ताई, सोडा हो तिला!" तो काकुळतीला आला. "आणखी किती भाजाल?"

"कोणाला?"

त्याने वळून पाहिलं. दारात थोरली मेहुणी उभी, हातात बॅग तशीच. तिच्या मागे बायको. थाप मारायची तर ती वेळेवर सुचावी लागते. याला आयुष्यात कधी सुचली नव्हती. निथळत्या हाताने त्याने सगळं सांगून टाकलं, मामांसकट.

"म्हणजे तुम्ही मला रोज पाण्यात बघता!" मेहुणी कडाडली.

"कौतुकानं बघतो हो, ताई! म्हणून तर मधोमध..."

"काही बोलू नका." ती बहिणीकडे वळली. "आजच्या आज हलव हे डबकं."

बायको पुढे झाली. ती टाकीपाशी गेली, वाकली, आणि त्या अर्ध्या पांढऱ्या कोरलाकडे निरखून बघू लागली.

"ही मी?"

"हो," तो ओशाळून म्हणाला.

"जगेल ना?"

"लांब ठेवलं तर."

बायकोचे डोळे भरून आले. लग्नाआधी काय शिकायचं, लग्नानंतर पडदे कुठल्या रंगाचे लावायचे, सगळं ताईने ठरवलं होतं, आणि तिने मुकाट्याने ऐकलं होतं. तिने डोळे पुसले. मग ती ताईकडे वळली.

"ताई, टाकी इथेच राहणार."

मेहुणीने हातातली बॅग खाली आदळली. फोटोग्राफरने हात परत पाण्यात घातला. निदान तेवढा तरी वाचावा. पण बायकोने शांतपणे एक खुर्ची उचलली आणि खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीशी नेऊन ठेवली.

"तू इथे बस. मी चहा टाकते."

आणि ताई, जन्मात पहिल्यांदा, दुसऱ्याने दाखवलेल्या जागी जाऊन बसली.